बलाढ्य इंग्रज जहाजं कान्होजी आंग्रेंसमोर का थकली? अर्धं उत्तर वाऱ्यात आहे

हिवाळ्यात सकाळी केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा पाठीला लागला तर तो मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. पाणी शांत दिसतं, पण काईटबोर्डिंगसाठी सगळ्यात घातक वारा हाच. पतंग पाण्यात पडला की माणूस आत आत ओढला जातो. त्यात ओहोटी असेल तर बघायलाच नको. दुपारी वारं फिरतं आणि समुद्रावरून खारे वारे सुटतात.

वाऱ्याचं आणि पाण्याचं हे गणित कोळून प्यायलेला एक माणूस याच कोकण किनाऱ्यावर होऊन गेला. सरखेल कान्होजी आंग्रे.

जन्म १६६९ च्या सुमाराचा. छत्रपती राजारामांच्या काळात ते आरमारात पुढे आले. पुढे ताराबाईंच्या बाजूने असताना त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं होतं! मग बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवला आणि कान्होजी शाहूंकडे आले.

आता त्यांच्या जहाजांकडे बघा. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, साधारण १५० ते ३०० टनांचं जहाज. गलबत त्याहून बरंच लहान, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. इंग्रजांचं मोठं जहाज पूर्णपणे शिडावर चालायचं. वारा पडला की ते जागीच अडकायचं. नेमकी तीच वेळ आंग्रेंच्या सोयीची. गलबतं वल्हवत गुराबांना ओढून न्यायची, तीही शत्रूच्या पिछाडीला, कारण तिथे तोफा कमी. पहिला मारा डोलकाठ्यांवर. वारा जोराचा असला तरी हलकी गुराबं वेगाने पळायची, आणि उथळ खाडीत शिरली की अवजड जहाजांना मागे येता यायचं नाही.

१७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून गेला आणि हात हलवत परतला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही फसले. (इथे सगळं श्रेय वाऱ्याला देता येणार नाही, शाहूंची फौज जमिनीवरून मदतीला आली होती.) अलिबागचा हा कुलाबा किल्ला कान्होजींचं मुख्य ठाणं. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी. आजही वेळ न बघता गेलेले पर्यटक तिथे अडकतात.

तारापूर, माहीम, डहाणू हा पट्टा मात्र कान्होजींच्या हयातीत पोर्तुगीजांकडेच राहिला. तो चिमाजी अप्पांनी घेतला, १७३९ मध्ये.

कान्होजी गेले ४ जुलै १७२९ ला, ऐन पावसाळ्यात. शिडाची जहाजं तेव्हा किनाऱ्याला विसावलेली असायची. पालघरच्या कोळीवाड्यांत आजही जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या दिसतात.