अश्रूंनी दिलेला पहिला इशारा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव निघाले की बुरशी लागलेली काचेची बशी आणि पेनिसिलिन आठवते. पण या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा अध्याय त्याहून जुना आहे. त्याची सुरुवात सर्दीने झाली आणि पुढचा बराच भाग अश्रूंनी भरला. शरीराने स्वतः घडवलेल्या शस्त्रालाही जंतू दाद देईनासे होतात, ही गोष्ट त्यांनी पेनिसिलिनच्या शोधाआधीच नोंदवून ठेवली होती.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. किशोरवयात ते लंडनला आले आणि काही वर्षे त्यांनी जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली. काकांकडून थोडा वारसा मिळाल्यावर १९०१ मध्ये त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे सर अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले आणि तेथेच रमले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथील लष्करी रुग्णालयात त्यांनी चिघळलेल्या जखमा जवळून पाहिल्या. खोल जखमांत ओतलेली जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच अधिक मारतात, हे त्यांच्या ध्यानात आले. शरीराला इजा न करता जंतू मारणारे काही असेल का, या प्रश्नाने तेव्हापासून त्यांचा पिच्छा सोडला नाही.

त्याचे पहिले उत्तर १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाले. स्वतःला सर्दी झाली असताना त्यांनी नाकातील स्राव जिवाणूंच्या बशीत टाकला. काही दिवसांनी पाहतात, तर स्रावाजवळच्या वसाहती विरघळून गेलेल्या! हा जिवाणू विरघळवणारा पदार्थ त्यांना अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही सापडला. लिंबाचा रस डोळ्यांत पिळून प्रयोगांसाठी अश्रू गोळा केले जाऊ लागले. या पदार्थाला लायसोझाइम हे नाव मिळाले आणि १९२२ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. वैद्यकविश्वाने मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण ज्या जंतूंमुळे गंभीर रोग होतात, त्यांतील बहुतेकांवर लायसोझाइमचा परिणाम होत नव्हता.

दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. फ्लेमिंग यांनी उलटा विचार केला. रोगकारक जंतू बचावतात, याचा अर्थ त्यांनी बचावण्याची काही युक्ती साधली असावी. सहकारी ॲलिसन यांच्यासह १९२७ मध्ये त्यांनी लायसोझाइमला न जुमानणारे वाण कसे तयार होतात, यावर निबंध लिहिला. सहज विरघळणाऱ्या जिवाणूंतूनही चिवट वाण निघू शकतात, असे त्यात दिसून आले.

ही युक्ती उलगडायला पुढे अनेक दशके लागली. लायसोझाइम जिवाणूच्या भिंतीतील शर्करेच्या साखळ्या तोडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू त्या साखळ्यांवर ॲसिटिल गट चढवतो, त्यामुळे लायसोझाइमला त्या धरता येत नाहीत. हे काम करणाऱ्या जनुकाची ओळख २००५ मध्ये पटली. आपल्या त्वचेत आणि पांढऱ्या पेशींत डिफेन्सिनसारखी छोटी पेप्टाइडेही असतात. त्यांच्यावर धनभार असतो आणि जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋणभार. या ओढीमुळे ती जिवाणूला चिकटतात आणि त्याच्या पटलाला भोके पाडतात. त्यावर हाच जंतू पृष्ठभागावर विशिष्ट अमिनो आम्ले जोडून आपला ऋणभार कमी करतो. काही जंतू तर पेप्टाइडे कापणारी विकरेच बाहेर सोडतात.

१९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले. त्याला औषधाचे रूप मात्र फ्लोरी आणि चेन यांच्या ऑक्सफर्डमधील चमूने दिले. पेनिसिलिन निकामी करणारे जिवाणूंचे विकर १९४० मध्येच उजेडात आले होते. १९४५ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले, तेव्हा फ्लेमिंग यांनी भाषणाचा शेवट कौतुकाने केला नाही. अपुऱ्या मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना मारत नाही, तर त्यांना शिकवून तयार करतो आणि त्याची किंमत त्याच्या जवळच्या माणसाला मोजावी लागू शकते, असे त्यांनी बजावले.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे लंडनमध्ये निधन झाले. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना विसावा मिळाला. त्यांच्या इशाऱ्याला मात्र विसावा मिळालेला नाही. कोलिस्टिन हे जिवाणूंपासूनच मिळणारे पेप्टाइड अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवले जाते. पृष्ठभागाचा ऋणभार घटवून त्याला चुकवणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक चीनमध्ये आढळल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. निसर्गातील पेप्टाइडांपासून नवी औषधे घडवणाऱ्यांनी म्हणूनच १९२७ चा तो निबंध विसरू नये. औषध निसर्गाने दिलेले आहे, एवढ्यावरून जंतू त्यापुढे कायम हरतील असे नाही. तसेच डॉक्टरांना न विचारता गोळी घेणाऱ्या किंवा बरे वाटताच मनाने औषध बंद करणाऱ्या प्रत्येकाने नोबेलच्या त्या भाषणातील माणूस आठवावा.