धीर धरणारा स्नेही

खेडोपाडीं काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंना एक दुःख पुष्कळदां सोसावें लागतें. एखादा स्नेही सुधारण्याची इच्छा मनापासून बोलून दाखवितो, आपलें सांगणें त्याला पटतें, परंतु पाऊल मात्र पुढें पडत नाहीं. अशा वेळीं रागावून त्याची संगत सोडावी काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर आहे.

टिळकांचा जन्म सन १८६१ त रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. पुढें ते आमच्या नागपुरांत श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करीत. सन १८९३ त नागपुराहून राजनांदगांवीं जातांना आगगाडींत एका अनोळखी गृहस्थानें त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें अंतःकरण जिंकलें. तरी बाप्तिस्मा घेण्याचें धैर्य होईना, कारण पत्नी, मूल, आप्त व जात हीं सर्व अंतरणार होतीं. मुंबईचे रेव्हरंड ॲबट यांना ते आपल्या शंका लिहून कळवीत व साहेब शांतपणें उत्तर देत. अखेर ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आतां धीर धरण्याची पाळी टिळकांची आली. लक्ष्मीबाई मुलासह दूर राहिल्या. मोडलेला संसार पुन्हां जुळावा असें त्यांना वाटे, पण जात सोडवेना. टिळक स्वभावानें शीघ्रकोपी. तरी या बाबतींत त्यांनीं सक्ती केली नाहीं. पुढें बाई अहमदनगरास आल्यावरही टिळकांनीं त्यांना आपलें सोंवळें पाळूं दिलें. जातिभेद मनुष्यांनीं केला आहे, हें बाईंना एके दिवशीं आपल्याच विचारानें उमगलें आणि सन १९०० त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. सन १९१९ त टिळक वारले, तेव्हां त्यांचें ख्रिस्तायन काव्य अपुरें होतें. तें पुढें नेण्याचें काम याच लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें.

बंधूंनो, टिळकांना स्वतःला पटलेलें आचरणांत आणण्यास दोन वर्षें लागलीं, आणि पत्नीसाठीं ते सुमारें पांच वर्षें थांबले. आपणही आपले दिवस आठवूं या. सल्ला एकदां स्पष्ट द्यावा. मग तो मानला गेला नाहीं, तरी त्या स्नेह्याच्या ओट्यावर जाऊन बसणें आपण सोडूं नये.