स्वामी रामानंद तीर्थ : लोकांनी काढलेल्या शाळेचे मुख्याध्यापक

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मराठवाड्यातील लहानथोरांस ठाऊक आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाच्या प्रसंगी त्यांची प्रतिमा पुजली जाते, दोन शब्द बोलले जातात आणि मंडळी घरोघर जातात. परंतु सेनानी होण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे हा पुरुष खेड्यापाड्यांतील मुलांना शिकविणारा एक शाळामास्तर होता, आणि ज्या शाळेत तो शिकवीत होता ती सरकारने काढलेली नसून गावच्या लोकांनी काढलेली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्या मंडळाच्या सभांतून पालक मंडळी अलीकडे माध्यमिक शाळेचा प्रश्न कळकळीने मांडीत असतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत स्वामीजींच्या चरित्राची हीच बाजू आमच्या ज्ञातिबांधवांपुढे आणि भगिनींपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. स्वामीजी आमच्या ज्ञातीचे नव्हते. संन्यास घेतलेल्या पुरुषाला ज्ञाती उरतच नाही. तथापि ज्याने आपल्या मुलाबाळांचे ऋण आपल्यावर करून ठेविले, त्याचे स्मरण करण्यास ज्ञातीची आडकाठी असू नये.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. माध्यमिक शिक्षण सोलापुरास चालू असता १९२० साल उजाडले. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक निवर्तले आणि पाठोपाठ महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. सतरा वर्षांच्या या मुलाने आजन्म ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांचे व्रत घेतले व सरकारी शाळा सोडली. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत व पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. सरकारमान्य पदवीवाचून नोकरीची दारे बंद होतात, हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. ते ठाऊक असूनही त्यांनी तो मार्ग पत्करला. शिक्षण संपल्यावर ते मुंबईस ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत काम करू लागले. परंतु अतिश्रमाने प्रकृती ढासळली, दुर्धर आजाराने शरीर पांगळे झाले आणि ते काम सोडणे भाग पडले. अशा स्थितीत १९२९ साली ते हिप्परगा या खेड्यात मुख्याध्यापक म्हणून आले.

हे हिप्परगा कोठले व तेथे शाळा कशी आली, हे समजण्यास त्या काळच्या मराठवाड्याची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. आपले जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात मोडत असे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी वा कानडी होती. पण दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग एका परीने मोठाच होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्या घरी उर्दूचा गंध नाही अशा कुणब्याच्या, कारागिराच्या वा दुकानदाराच्या मुलास त्याचा उपयोग काय? मूल पाचवी-सहावीला पोचेपर्यंत अर्धी शक्ती परकी लिपी आणि परकी भाषा गिळण्यात खर्ची पडे. शिवाय माध्यमिक शाळा बहुधा जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावीच असत. खेड्यातील मुलगा चार यत्ता शिकला की नांगराला किंवा तागडीला लागे. मुलींची तर गणतीच नव्हती.

सरकार शाळा देत नाही म्हणून लोकांनी आपल्या शाळा आपण काढण्यास आरंभ केला. केशवराव कोरटकर, वामन नाईक आदी मंडळींच्या खटपटीने हैदराबादेत विवेक वर्धिनी उभी राहिली, गुलबर्ग्यास १९०७ साली नूतन विद्यालय निघाले, औरंगाबादेस १९१५ साली सरस्वती भुवन सुरू झाले. परंतु ही सारी शहरे होत. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या मंडळींनी १९२१ साली एका आडवळणाच्या खेड्यात राष्ट्रीय शाळा काढली, हे त्यांचे वैशिष्ट्य. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी हे तिचे प्रवर्तक. रेल्वे नाही, पक्की सडक नाही, सरकारी अनुदान नाही. होता तो केवळ गावकऱ्यांचा विश्वास.

आज शाळेसाठी अर्ज करणाऱ्या पालकांनी हिप्परग्याच्या पालकांनी केवढे धाडस केले याचा क्षणभर विचार करावा. त्या राज्यात खाजगी शाळा चालविण्यास सरकारची परवानगी लागे आणि सभा भरविण्यावर गस्ती निशाण ५३ चा अंकुश होता. चार पालक शाळेविषयी बोलण्यास एकत्र जमले तरी अंमलदाराची नजर वळे. राष्ट्रीय शाळेत शिकलेल्या मुलास सरकारी नोकरीची आशा नव्हती. बापाने मुलाला तेथे घालणे याचा अर्थ तलाठ्याची, कारकुनाची वा पोलिसाची नोकरी आपल्या हाताने दूर लोटणे असा होता. घरात खाणारी तोंडे दहा आणि मिळवते हात दोन असता असा निर्णय घेणे सोपे नसते. तरीही आईबापांनी मुले पाठविली. मातृभाषेत शिकलेले मूल निदान माणूस होईल, एवढ्या एका विश्वासावर त्यांनी हा जुगार खेळला.

त्या विश्वासास पात्र ठरेल असा शिक्षक त्यांना व्यंकटेश खेडगीकरांच्या रूपाने मिळाला. आजारातून नुकताच उठलेला, अंगावर खादी, मानधन नाममात्र, आणि चोवीस तास विद्यार्थ्यांच्या सहवासात. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे निष्ठावंत सहकारी त्यांस तेथे लाभले. शाळा म्हणजे घंटा वाजली की सुरू व घंटा वाजली की बंद, अशी त्यांची कल्पना नव्हती. अभ्यास, अंगमेहनत, प्रार्थना आणि देशाची खबरबात यांची तेथे फारकत नव्हती. गुरूचे स्वतःचे वर्तन हाच तेथील मुख्य पाठ होता. १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. सामान्यतः संन्यासी लोकांतून उठून अरण्यात जातो. हा संन्यासी मात्र भगवी वस्त्रे नेसून दुसरे दिवशी पुन्हा वर्गात उभा राहिला. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. जनसेवेवाचून मोक्ष नाही, हा त्यांचा वेदान्त होता.

१९३५ साली स्वामीजी व बाबासाहेब परांजपे मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा स्वामीजींनी वाहिली. खेड्यातील प्रयोगाला आता तालुक्याच्या गावाचे क्षेत्र मिळाले. बीड, उस्मानाबाद, परभणीकडील पालक आपली मुले विश्वासाने तेथे आणून सोडीत. शाळेच्या वर्गातूनच मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाची एक पिढी घडत गेली.

याच सुमारास, १९३७ साली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन आपल्या परतुरास गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. निजामी राज्यातील मराठी लोकांनी आपली गाऱ्हाणी संघटितपणे मांडण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न आपल्या जिल्ह्याच्या भूमीवर झाला, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटला पाहिजे. परिषदेच्या कार्यात स्वामीजी ओढले गेले आणि १९३८ साली त्यांनी शाळा सोडली. हा निर्णय त्यांस सुखाचा झाला असेल, असे आम्हांस वाटत नाही. परंतु जेथे शाळा काढण्यासच मुभा नाही, तेथे आधी मुभा मिळविली पाहिजे, हे नऊ वर्षांच्या अनुभवाने त्यांस पटले होते. स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी कारागृहात गेले. त्याच वर्षी हैदराबाद व औरंगाबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. त्यांस काढून टाकण्यात आले, तेव्हा अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला.

यानंतरचे चरित्र सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला त्या दिवशीच निजाम सरकारने त्यांस अटक केली. पुन्हा पुन्हा कारावास भोगून १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले तेव्हा तेही मुक्त झाले. १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. त्यामागेही लोकांचे शिक्षण व कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हेच जुने सूत्र होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

सत्ता जवळ आली असताही शाळामास्तराचा पिंड लोपला नाही. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटी व तिचे पीपल्स कॉलेज त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. मॅट्रिकनंतर हैदराबाद वा पुणे गाठू न शकणाऱ्या मुलांस त्यामुळे घराजवळ उच्च शिक्षण मिळाले. त्याच वर्षी औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. जुन्या खाजगी शाळांतून प्रामुख्याने वतनदार, व्यापारी आणि पांढरपेशा घरांतील मुलेच शिकली. अस्पृश्य गणलेल्या बांधवांची मुले व सर्वच समाजांतील मुली तेथे फार थोड्या पोचल्या. स्वामीजींची दृष्टी व्यापक होती, पण साधने अपुरी आणि समाज जुना होता. जे काम त्या पिढीकडून अपुरे राहिले, ते पुरे करणे हीच त्या पिढीस खरी आदरांजली होय.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी निवर्तले. मागे घरदार, शेतीवाडी वा ठेव काहीच नव्हते. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९४ साली स्थापन झालेले नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करून आहेत. एका खेडेगावच्या शाळामास्तराच्या नावाने विद्यापीठ चालावे, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

आता आपल्याकडे वळू. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. पण त्याची हमी आठव्या यत्तेपर्यंतच पोचते. नववी-दहावीचे वर्ग ज्या गावात नाहीत, तेथे मुलगा सायकलवर वा बसने जातो आणि मुलगी बहुधा घरी बसते. घरी बसलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात, हे आम्ही कोणास सांगावयास नको. भोकरदन-जाफ्राबादपासून मंठा-घनसावंगीपर्यंतच्या आपल्या ज्ञातिबांधवांस हा अनुभव नवा नाही. म्हणून गावात माध्यमिक वर्ग मागणाऱ्या पालकांच्या पाठीशी मंडळाने उभे राहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र हिप्परग्याच्या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. पहिली ही की, शाळा मागणाऱ्याने केवळ अर्ज करून थांबू नये. जागा, श्रम, वर्गणी आणि मुख्य म्हणजे आपले स्वतःचे मूल, हे प्रथम त्या शाळेस दिले पाहिजे. जो पुढारी गावासाठी शाळा मागतो व आपले मूल शहरात ठेवतो, त्याच्या शब्दास वजन येत नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मंडळातील काही वडीलधारी मंडळी शाळा काढावयाची तर ती ज्ञातीची काढावी, असे सुचवितात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे. ज्ञातीने वसतिगृह चालवावे, शिष्यवृत्त्या द्याव्यात, पुस्तकपेढी काढावी, हे सारे योग्यच. परंतु शाळा गावाची असावी. हिप्परग्याची शाळा एका घराण्याची वा एका ज्ञातीची म्हणून चालती, तर परगावचे पालक तिच्यावर विश्वास टाकते ना, आणि स्वामीजींसारखा निःसंग पुरुष तेथे राहता ना. ज्या बाकावर आपली मुलगी बसेल, त्याच बाकावर गावकुसाबाहेरच्या घरातील मुलगी बसली पाहिजे. तसे झाले तरच ती शाळा टिकेल.

सत्ता नव्हती, अनुदान नव्हते, परवानगीही दुर्मीळ होती, अशा काळात चार-दोन खेडुतांनी शाळा काढली आणि तिने मराठवाड्यास एक नेता दिला. आज आपणांस मताचा हक्क आहे, कायदा आहे, मातृभाषेचे राज्य आहे. आपण काय करणार, याचे उत्तर पुढील स्मरणिकेत लिहिण्याजोगे घडो, एवढीच परमेश्वरचरणी प्रार्थना.