पराभूताच्या विद्येचे मोल

लढाई जिंकणे हे शौर्याचे काम आहे. परंतु ती जिंकल्यावर पराभूतांतील गुणी माणसांचे काय करावे, हे ठरविणे शहाणपणाचे काम आहे. पहिले पुष्कळांस साधते, दुसरे फार थोड्यांस. पक्ष पडला की त्या पक्षाच्या माणसाची विद्याही पडली, असे मानण्याची खोड राजदरबारापासून व्यापाऱ्याच्या पेढीपर्यंत सर्वत्र दिसते. ही खोड किती नुकसानीची आहे, हे जपानचे आरमारी अधिकारी व पुढे परराष्ट्र-वकील आणि मंत्री झालेले एनोमोतो ताकेआकी यांच्या चरित्रावरून चांगले कळते.

एनोमोतो यांचा जन्म १८३६ साली एदो शहरी, म्हणजे हल्लीच्या टोकियोत, शोगुनच्या पदरी असलेल्या घराण्यात झाला. नागासाकीच्या आरमारी शाळेत शिकून ते १८६२ मध्ये सरकारी खर्चाने हॉलंडला गेले. तेथे त्यांनी नौकाविद्या व शास्त्रे तर संपादन केलीच, शिवाय दर्यावरील राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्याचाही अभ्यास केला. १८६७ मध्ये हॉलंडातच बांधलेल्या ‘काइयो मारू’ या लढाऊ जहाजातून ते परतले, तो शोगुनशाहीचे दिवस भरत आले होते. १८६८ मध्ये सत्ता सम्राटाच्या पक्षाकडे गेली. नव्या सरकारने आरमार मागितले असता एनोमोतो यांनी ते पुरते स्वाधीन न करता आठ जहाजांनिशी उत्तरेकडील होक्काइदो बेट गाठले. हाकोदाते येथे त्यांनी निराळा कारभार मांडला व अधिकाऱ्यांनी मते देऊन त्यांस प्रमुख निवडले. परंतु ‘काइयो मारू’ वादळात गमावले आणि १८६९ साली सम्राटाच्या फौजेने किल्ल्यास वेढा घातला.

किल्ला पडणार हे स्पष्ट झाले, तेव्हा एनोमोतो यांस चिंता पडली ती एका ग्रंथाची. ऑर्तोलान नामक फ्रेंच ग्रंथकाराच्या दर्याच्या कायद्यावरील पुस्तकाचे डच भाषेतील हस्तलिखित भाषांतर त्यांच्यापाशी होते. देशास पुढे उपयोगी पडणारी ही चीज तोफांच्या आगीत जाऊ नये, म्हणून त्यांनी ती प्रत्यक्ष शत्रूचा सेनानी कुरोदा कियोताका याजकडे पाठविली. कुरोदाने उलट मद्याची भेट पाठवून तिचा मान राखला. पुढे एनोमोतो शरण आले व तुरुंगात पडले. त्यांचा शिरच्छेद करावा असे म्हणणारे सरकारात होते. परंतु कुरोदाने स्वतःचे डोके भादरून त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. प्रसिद्ध विद्वान फुकुझावा युकिची यांनीही खटपट केली. १८७२ मध्ये सुटका झाली आणि लगोलग होक्काइदोच्या वसाहतखात्यात त्यांस काम मिळाले.

या क्षमेचे व्याज जपानास लवकरच मिळाले. १८७४ मध्ये एनोमोतो यांस उप-नौसेनापतीचा हुद्दा देऊन रशियात वकील नेमण्यात आले. साखालिन बेटावर रशियन व जपानी दोघांचीही वस्ती असून सरहद्द ठरलेली नव्हती, त्यामुळे तंटे नित्याचे झाले होते. मे १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे तह झाला: साखालिन रशियास गेले व कुरिल माळेतील १८ बेटे जपानास मिळाली. शिवाय साखालिनमधील कोर्साकोव्ह बंदरात जपानी जहाजांस दहा वर्षे जकात माफ झाली. गोळीही न झाडता मिळालेल्या या सवलतीची किंमत आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मात्र या तहाची एक बाजू दुःखाची आहे. साखालिनच्या मूळ ऐनू रहिवाशांपैकी सुमारे ८४० लोकांस होक्काइदोत आणून वसविले गेले, आणि त्यांतील पुष्कळ पुढे पटकी व देवीच्या साथींत मेले. नकाशावरील रेघ ज्यांच्या घरातून जाते, त्यांस विचारण्याची रीत तेव्हा नव्हती.

१८८२ पासून एनोमोतो चीनमध्ये वकील होते. १८८५ मध्ये जपानचे पहिले मंत्रिमंडळ बनले, त्यात ते दळणवळणमंत्री झाले. मागाहून शिक्षण, परराष्ट्र व शेती-व्यापार ही खातीही त्यांनी सांभाळली. धनी बदलला म्हणून त्यांस नावे ठेवणारेही निघाले, आणि नवल हे की त्यांत त्यांच्या सुटकेसाठी झटलेले फुकुझावाच होते. जुन्या धन्यासाठी मेलेल्या सोबत्यांची आठवण ठेवून एनोमोतो यांनी मानमरातबापासून दूर राहावयास हवे होते, असे त्यांचे मत. हा आक्षेप हलका नाही. परंतु एनोमोतो खुर्चीलाच चिकटलेले असते, तर १८९७ चा प्रसंग घडता ना. आशिओच्या तांब्याच्या खाणीतील विषारी पाण्याने वातारासे नदीकाठची शेते नासली होती. शेतकऱ्यांनी राजधानीपर्यंत धाव घेतली, तेव्हा शेती-व्यापारमंत्री या नात्याने एनोमोतो स्वतः तेथे गेले, जमिनीची दशा डोळ्यांनी पाहिली, आणि त्याच मार्च महिन्यात त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतर ते पुन्हा मंत्री झाले नाहीत. १९०८ साली त्यांचा अंत झाला.

हाकोदाते येथे त्यांचे डोके उडविले असते, तर जपानने एक बंडखोर मारला एवढीच इतिहासात नोंद राहती. तह करणारा वकील व जबाबदारी ओळखणारा मंत्री त्याच घावाने मेले असते. कुरोदाने त्यांस वाचविले त्यात दया होती हे खरे, पण तिच्याहून अधिक व्यवहार होता. प्रतिपक्षात उभा असलेला जाणता मनुष्य हेही देशाचेच भांडवल आहे. ते रागाच्या भरात बुडीत खाती घालणारा कारभारी शेवटी स्वतःचेच दिवाळे काढतो.