अल्लामा इब्न खल्दून : स्थलांतर आणि तवक्कुल

अल्लामा इब्न खल्दून यांचे नाव आज जगातील बहुतेक विद्यापीठांत आदराने घेतले जाते. इतिहासाला शास्त्राचे रूप देणारे, समाजशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि तो यथार्थच आहे. परंतु त्यांच्या ग्रंथाविषयी जितके लिहिले जाते तितके त्यांच्या घराविषयी लिहिले जात नाही. ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या मुलूख बदलला, पेशा बदलला आणि प्रत्येक वेळी अल्लाहच्या नावाने नव्या ठिकाणी चूल मांडली, त्या कुटुंबातील हा पुरुष होता. तवक्कुल म्हणजे काय, हे समजण्यास त्यांचे आयुष्य उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

बनू खल्दून हे मूळचे यमनमधील हजरमौतचे अरब. स्पेनमध्ये मुसलमानांची सत्ता आल्यानंतर हे घराणे तिकडे गेले आणि इश्बीलिया, म्हणजे आजचे सेव्हिल, या शहरात नावारूपास आले. तेथे त्यांची जमीनजुमला होती, मानमरातब होता. परंतु तेराव्या शतकात कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजांचे सैन्य दक्षिणेकडे सरकू लागले. 1248 साली इश्बीलिया पडले. बनू खल्दून त्याआधीच समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले होते व पुढे ट्युनिसमध्ये स्थिरावले. वाडे, बागा, शेते सारे मागे राहिले. बरोबर आली ती विद्या आणि राज्यकारभाराचा अनुभव.

ट्युनिसच्या हफसी सुलतानांनी या घराण्याला पुन्हा मोठी पदे दिली. इब्न खल्दून यांचे पणजोबा खजिन्याचे प्रमुख होते. मात्र दरबारातील मोठेपणा किती दिवसांचा, हे लवकरच दिसून आले. एका बंडखोराने गादी बळकावली आणि पणजोबांचे हाल करून त्यांना ठार मारले. आजोबांनीही काही काळ पदे सांभाळली, पण उतारवयात ते दरबारापासून दूर होऊन जुबैदी नावाच्या एका सूफी बुजुर्गांच्या सहवासात राहू लागले. इब्न खल्दून यांचे वडील त्याच छायेत वाढले. त्यांनी सरकारी नोकरीचा नादच सोडला आणि कुराण, फिका व अरबी भाषा यांच्या अध्ययनात आयुष्य घालविले. वजिरांच्या घराण्यातील माणसाने असा पेशा बदलणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मिळकत कमी झाली असणार, हे उघड आहे. पण मुलाला जी तालीम मिळाली ती याच निर्णयामुळे मिळाली.

अब्दुर्रहमान इब्न खल्दून यांचा जन्म 1 रमजान 732 हिजरी, म्हणजे 27 मे 1332 रोजी ट्युनिस येथे झाला. कुराण मुखोद्गत, हदीस, मालिकी फिका, व्याकरण, काव्य हे सर्व घरच्या वातावरणातच आले. 1347 साली मोरोक्कोच्या मरीनी सुलतानाने ट्युनिस घेतले. त्याच्या लवाजम्यात नामांकित विद्वान होते. त्यांपैकी अल्-आबिली यांच्यापाशी या तरुणाने तर्कशास्त्र, गणित आणि तत्त्वज्ञान यांचे पाठ घेतले. पुढील सारे कार्य ज्या पायावर उभे राहिले तो येथेच घातला गेला.

आणि मग महामारी आली. 1348-49 च्या त्या प्लेगने भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवरील गावेच्या गावे रिकामी केली. इब्न खल्दून यांचे आईवडील गेले, बहुतेक गुरुजनही गेले. वय अवघे सोळा-सतरा. घरात जे छप्पर होते ते एका वर्षात उडाले. काही काळाने आबिलीही फेजला निघून गेले.

पोटासाठी आणि घराण्याच्या रीतीला धरून या तरुणाने ट्युनिसच्या दरबारात नोकरी धरली. शाही फर्मानावर ठरावीक मजकूर सुंदर अक्षरात लिहिण्याचे हे काम होते. मान होता, पण त्यात जीव रमेना. ज्ञानाच्या ओढीने ते पश्चिमेकडे निघाले व 1354 च्या सुमारास फेज येथे सुलतान अबू इनान याच्या दरबारी दाखल झाले.

येथील एक प्रसंग महाराष्ट्रातील वाचकांना जवळचा वाटेल. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता त्याच सुमारास परत येऊन फेजमध्ये हिंदुस्थानच्या हकिगती सांगत होता. दिल्लीच्या ज्या मुहम्मद बिन तुघलक बादशहाने 1327 साली शेकडो घरे हलवून आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, त्याच्याच त्या गोष्टी. दरबारातील लोकांना त्या थापा वाटल्या. तरुण इब्न खल्दून यांनीही वजिरापाशी तशीच शंका बोलून दाखविली. त्यावर वजिराने त्यांना तुरुंगात वाढलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. त्या मुलाने उंदराखेरीज दुसरे जनावर पाहिलेले नव्हते, म्हणून बकरीचे किंवा उंटाचे वर्णन ऐकले की त्याला तेही उंदरासारखेच असेल असे वाटे. न पाहिलेल्या गोष्टीला एकदम खोटे म्हणू नये, हा धडा त्यांनी मनात ठेवला आणि पुढे ग्रंथात लिहूनही ठेवला.

दैवाची गंमत अशी की लवकरच ते स्वतःच तुरुंगात गेले. बिजायाच्या पदच्युत अमिराशी संधान बांधल्याच्या संशयावरून अबू इनानने त्यांना 1357 मध्ये बंदीत टाकले. सुमारे एकवीस महिने ते आत होते. 1358 च्या अखेरीस सुलतान वारला तेव्हा सुटका झाली.

यानंतरची सतरा-अठरा वर्षे म्हणजे एका दरबारातून दुसऱ्या दरबारात झालेली फरफट आहे. फेज, ग्रॅनडा, बिजाया, बिस्करा, तिलिम्सान आणि पुन्हा फेज. आपल्या नायकाचे गुणच तेवढे सांगावेत अशी आपल्याकडे चाल आहे. पण या काळातील इब्न खल्दून काही वलीउल्लाह नव्हते. महत्त्वाकांक्षा होती, राजकारणाची हौस होती आणि वाऱ्याची दिशा पाहून पक्ष बदलण्याचा आरोपही त्यांच्यावर होतो. तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही. मात्र एक घटना त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. 1364 साली ग्रॅनडाच्या सुलतानाने त्यांना वकील म्हणून कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे धाडले. पेद्रोचा दरबार होता इश्बीलियात. वाडवडिलांनी सोडलेले शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिले. माझ्यापाशी राहाल तर पूर्वजांची जमीन परत देतो, असा देकार राजाने केला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गेलेले घर हातात येत होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि ते ग्रॅनडाला परतले.

या सगळ्या धावपळीत कुटुंबाचे काय होत होते, तिकडे लक्ष दिले पाहिजे. त्यांचे लग्न कॉन्स्टँटिन शहरातील एका हफसी सेनापतीच्या मुलीशी झाले होते. नवरा ज्या दरबारात जाई तेथे मागाहून बायकामुलांना बोलावून घ्यावे लागे आणि राजे लोक तर कुटुंबाला ओलीस समजत. 1375 च्या सुमारास ते पुन्हा ग्रॅनडाला गेले तेव्हा फेजच्या राज्यकर्त्यांनी त्यांच्या बायकामुलांना तिकडे जाऊ दिले नाही आणि त्यांनाच परत पाठविण्याची मागणी केली. त्याआधी त्यांचे स्नेही, ग्रॅनडाचे विद्वान वजीर इब्नुल खतीब, फेजच्या तुरुंगात मारले गेले होते. दरबारी जीवनाचा शेवट कोठे होतो हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मन घट्ट केले. तिलिम्सानच्या सुलतानाने एका अरब टोळीला वळविण्याच्या कामगिरीवर धाडले असता ते वाटेतूनच बाजूला वळले व औलाद आरीफ या टोळीच्या आश्रयास गेले. टोळीप्रमुखांनी सुलतानाची समजूत घातली, कुटुंबाला तिलिम्सानहून आणविले आणि सर्वांना इब्न सलामाच्या किल्ल्यात जागा दिली. हा किल्ला आजच्या अल्जीरियात फ्रेंदा गावाजवळ आहे. उजाड माळ, मेंढपाळांची वस्ती. पगार नाही, पदवी नाही. येथे जवळजवळ चार वर्षे ते राहिले आणि येथेच 1377 साली अवघ्या पाच महिन्यांत ‘मुकद्दमा’चा मसुदा पूर्ण झाला. दरबारात वीस वर्षे जे पाहिले, सोसले, ते सारे त्या शांततेत वर आले. राज्ये का उभी राहतात, का ढासळतात, टोळीची एकजूट म्हणजे असबिया चैनीत कशी विरते, कर वाढविल्याने उत्पन्न उलट कसे घटते, हे त्यांनी येथे मांडले.

आपल्या संस्थेच्या कार्याच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी नोंदण्याजोग्या आहेत. मुलांना मारून-झोडून शिकविले तर ती खोटे बोलायला व ढोंग करायला शिकतात, त्यांचा उत्साह मरतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते. विषय एकदम सगळा न ओतता आधी थोडक्यात, मग विस्ताराने आणि शेवटी बारकाव्यांसह, असा तीन फेऱ्यांत शिकवावा, असेही ते म्हणतात. सहाशे वर्षांनंतरही आपल्या शाळांतील छडी पुरती गेली आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरी गोष्ट उपजीविकेची. रिज्क अल्लाहकडून येतो, पण तो हात हालविल्यावाचून हाती पडत नाही, माणसाची मेहनत त्यात असावीच लागते, अशी त्यांची मांडणी आहे. काझी, मुफ्ती, मुदर्रिस, इमाम यांच्या वाट्याला सहसा श्रीमंती येत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. हे लिहिणाऱ्या माणसाने पुढे आयुष्यभर हेच पेशे पत्करले.

ग्रंथ पुढे नेण्यास पुस्तके हवी होती. शिवाय मोठे आजारपण आले. म्हणून 1378 च्या अखेरीस ते जन्मगावी ट्युनिसला परतले व शिकवू लागले. विद्यार्थी भोवती गोळा झाले, तसे मत्सरीही झाले. शहराचे मुफ्ती इब्न अरफा यांचे तर त्यांच्याशी कधीच पटले नाही. त्यात सुलतान त्यांना मोहिमांवर बरोबर नेऊ लागला. जे सोडले तेच पुन्हा गळ्यात पडणार, असे दिसताच त्यांनी हजला जाण्याची परवानगी मागितली. बंदरात अलेक्झांड्रियाला जाणारे व्यापारी जहाज उभे होते. ऑक्टोबर 1382 मध्ये, पन्नाशी गाठलेले इब्न खल्दून एकटेच त्यावर चढले. बायकामुले मागे राहिली.

चाळीसएक दिवसांच्या प्रवासानंतर ईदुल फित्रच्या सुमारास जहाज अलेक्झांड्रियाला लागले. त्या वर्षी हज घडला नाही. जानेवारी 1383 मध्ये ते कैरोत आले. त्यांची कीर्ती आधीच पोहोचली होती. अल्-अझहरमध्ये त्यांनी पाठ सुरू केले. नुकताच गादीवर आलेला सुलतान बर्कूक याने त्यांना कमहिया मदरशात अध्यापक नेमले आणि ऑगस्ट 1384 मध्ये मालिकी मजहबचे मुख्य काझी केले.

कुटुंबाला मात्र ट्युनिसचा सुलतान सोडीना. बायकामुले येथे असली म्हणजे हा विद्वान कधीतरी परत येईल, असा त्याचा हिशेब. अखेर बर्कूकने स्वतः पत्र लिहून रदबदली केली तेव्हा परवानगी मिळाली. नोकरीसाठी घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसाला ही वाट पाहणे काय असते ते वेगळे सांगावे लागत नाही. जहाज निघाले. अलेक्झांड्रियाच्या जवळ येऊन वादळात सापडले आणि फुटले. कुटुंब, चीजवस्तू, ग्रंथ सारे समुद्राने घेतले.

आत्मवृत्तात इब्न खल्दून यांनी या घटनेला अगदी थोडी वाक्ये दिली आहेत. संपत्ती, घर आणि लेकरे एकदमच गेली, दुःख फार झाले, संसारातून मन उडाले आणि पद सोडावेसे वाटले, एवढाच आशय. कोणावर आरोप नाही, तक्रार नाही. कुटुंबाला बोलावण्याचा आग्रह आपणच धरला, हा विचार त्यांना आला नसेल असे मानणे कठीण आहे. पण त्याविषयी ते अवाक्षर काढीत नाहीत. जे गेले ते ज्याचे होते त्याच्याकडे गेले, अशी धारणा असल्याशिवाय माणूस इतक्या कमी शब्दांत थांबत नाही, असे मला वाटते.

आणि या काळात अदालतीचे कामही चालूच होते. खोट्या साक्षींवर पोट भरणारे व्यावसायिक साक्षीदार, लायकी नसता फतवे देणारे, वशिला आणणारे अमीर या सर्वांना त्यांनी दूर ठेवले. साहजिकच शत्रू वाढले. मगरिबचा हा परका माणूस येथे न्याय सांगतो, इजिप्तचा पोशाखही धड करीत नाही, अशी ओरड झाली. सुमारे वर्षभराने सुलतानाने त्यांना पदमुक्त केले. त्यांना ते हवेच होते. ते अध्यापन आणि लेखन यांत बुडाले. 1387 साली, ज्या नावाने ट्युनिस सोडले होते, तो हज घडला. परतल्यावर त्यांनी हदीस शिकविली, बैबर्सच्या खानकाहची व्यवस्था पाहिली. 1396 साली आपल्या इतिहासाची एक प्रत त्यांनी फेजच्या करवीयीन मशिदीच्या ग्रंथालयाला विद्यार्थ्यांसाठी वक्फ करून धाडली. विश्वासू माणसाला, तारण घेऊन, ठरलेल्या मुदतीपुरतीच ती द्यावी अशी अट होती. ज्या फेजने त्यांना तुरुंगात टाकले, बायकामुलांना अडकवून ठेवले, त्याच फेजला हे दान गेले.

1401 च्या आरंभी दमास्कसला तैमूरचा वेढा पडला. एकाहत्तर हिजरी वर्षांकडे झुकलेले इब्न खल्दून दोरांनी तटावरून खाली उतरले आणि त्याच्या छावणीत गेले. कुराणाची प्रत, मुसल्ला आणि इजिप्शियन मिठाईचे चार डबे त्यांनी नजर केले. तैमूरने मगरिबचे वर्णन लिहून मागितले, ते त्यांनी दिले. त्यांचे खेचर त्याला आवडले, तेही दिले. परतीच्या वाटेवर लुटारूंनी अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले. पुढे तैमूरने खेचराची किंमत धाडली, तेव्हा ती घ्यावी की न घ्यावी हे सुलतानाला विचारूनच त्यांनी घेतली.

काझीपद त्यांना एकूण सहा वेळा मिळाले आणि पाच वेळा गेले. सहाव्या नेमणुकीच्या काळात, रमजान 808 हिजरी म्हणजे 17 मार्च 1406 रोजी, त्यांचा इंतकाल झाला. कैरोच्या बाबुन्नस्र दरवाजाबाहेर सूफींच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. ती कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणालाही ठाऊक नाही.