नामदार गोखले आणि प्रश्नाचा हक्क

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. फर्ग्युसन कॉलेजातील हे प्राध्यापक १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तेव्हाचे सरकार लोकांस जबाबदार नव्हते. सभासदांना प्रश्नाचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला. पण आगाऊ लेखी सूचना द्यावी लागे आणि उपप्रश्नास १९०९ पर्यंत मनाई होती. अशा मंडळात गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून मिठावरील कराचा जाब मागितला. १९०३ पासून तो कर टप्प्याटप्प्याने उतरला. १९१५ साली ते निवर्तले. आज पांढुर्णा-सौसरचे आमदार भोपाळच्या विधानसभेत मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतात. विद्यार्थ्यांनो, त्या हक्काला अभ्यासाची जोड हवी, हेच आम्ही गोखल्यांपासून शिकतो.