मुरघासाच्या शास्त्रासाठी थेट नोबेल मिळवणारा माणूस

सोलापूर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. त्यामुळे सांगोला, मंगळवेढ्याकडचे शेतकरी हिरव्या मक्याची कुट्टी खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून भरतात आणि मुरघास करतात. काहीजण त्यात गुळाचं पाणी किंवा कल्चरही टाकतात. पण हे वरून टाकायचं कशासाठी? याचं उत्तर शोधणाऱ्याला चक्क नोबेल मिळालंय.

त्यांचं नाव आर्टुरी विर्टानेन. जन्म १८९५, फिनलंडमधल्या हेलसिंकीचा. तिथे अडचण दुष्काळाची नाही, तर लांबलचक हिवाळ्याची. गोठ्यातल्या गाईंना कित्येक महिने साठवलेल्या चाऱ्यावरच काढावे लागायचे. पण मुरताना चाऱ्यातली प्रथिनं वाया जायची. नको ते जंतू वाढले की चारा सडायचा आणि दुधाचा दर्जाही घसरायचा.

विर्टानेन तेव्हा दूध सहकारी संघाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी हिरव्या चाऱ्यावर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिड शिंपडलं. चाऱ्याचा पीएच ४ च्या खाली गेला आणि सडवणारे जंतू थांबले. १९२० च्या दशकाअखेरीस आलेल्या या पद्धतीला त्यांच्याच आद्याक्षरांवरून 'एआयव्ही' नाव पडलं. १९४५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं.

गूळ आणि कल्चरचं कामही तेच, फक्त वाट वेगळी. गुळातली साखर खाऊन चांगले जंतू स्वतःच आम्ल तयार करतात. मक्यात मुळातच साखर असते, म्हणून तो सहज मुरतो. लसूणघासात प्रथिनं जास्त आणि साखर कमी, तिथे मात्र ही मदत लागतेच.